कुत्र्याच्या पिल्लांची विक्री आणि पैशाची खात्री

सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर, लातूर आणि सीमेपलीकडील मुधोळ या कोरडवाहू मुलखात सडपातळ अंगाची, लांब पायांची व वेगाने धावणारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली जात आहेत. कोणी त्यांना कारवानी म्हणतात, अंगावर रेशमासारखे केस असलेल्यांना पश्मी म्हणतात, आणि कर्नाटकाच्या बाजूस हीच जात मुधोळ या नावाने प्रसिद्ध आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांपैकी एक मुधोळचे होते. कळपाची व वस्तीची राखण करणारे हे जनावर आता पुण्या-मुंबईच्या लोकांनाही हवेसे झाले आहे. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरी कुत्री व्याली की पिल्लांसाठी दूरदूरहून फोन येऊ लागतात आणि दोन पैसे हाती येण्याची आशा निर्माण होते.

ही आशा फोल ठरण्याचे प्रसंगही वाढत आहेत. पिल्लू गेले व पैसे आले नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे पिल्लू घरीच राहिले आणि विकणाऱ्याच्याच खात्यातून पैसे गेले, अशा तक्रारी घेऊन पशुपालक पोलिसांकडे जातात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या व्यवहारातील खाचाखोचा नीट समजून घेतल्या, तर यांपैकी बहुतेक नुकसान टाळता येण्यासारखे आहे.

बैल विकण्याची रीत शेतकऱ्याला ठाऊक असते. बाजारात दोघे समोरासमोर उभे असतात, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो, दलाल मध्ये असतो, चार माणसे पाहत असतात आणि बाजार समितीची पावती होते. पैसे मोजून घेतल्याखेरीज कासरा हातातून सुटत नाही. पिल्लाच्या विक्रीत यांपैकी काहीच नसते. गिऱ्हाईक शंभर कोसांवर असते, त्याचे तोंड दिसत नाही, सौदा फोनवर होतो, साक्षीदार नसतो आणि कागदही नसतो. बैलबाजारात जी शिस्त बाजारच पाळावयास लावतो, ती येथे विकणाऱ्याने स्वतः पाळावी लागते, हा मुख्य फरक होय.

विकणारा घाईला का येतो, हेही पाहिले पाहिजे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. त्यानंतर पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत विकू नये, असे पशु क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील श्वान पैदास व विपणन नियम, २०१७ सांगतात. म्हणजे कुत्री फळल्यापासून जवळजवळ चार महिने केवळ खर्चच होत राहतो. कुत्रीचा खुराक, दोन आठवड्यांच्या वयापासून पिल्लांना द्यावयाचे जंतनाशक, सहा ते आठ आठवड्यांची पहिली लस हे सारे आधी करावे लागते. शेवटी शेवटी कुत्रीचे दूध आटते आणि सात-आठ पिल्ले भाकरी-दुधावर तुटून पडतात. घरातील बाईला, जिच्या हातून हे सर्व पार पडलेले असते, आता एकदाचे पिल्लू गेले म्हणजे बरे असे वाटू लागते. ठगाला ही वेळ बरोबर कळते. तो भाव पाडत नाही, घासाघीस करीत नाही, पिल्लू पाहण्याचाही आग्रह धरीत नाही. जे गिऱ्हाईक जनावर न पाहता सांगितला भाव लगेच कबूल करते, त्याच्याविषयी आनंद न मानता सावध व्हावे.

कायदा या बाबतीत विकणाऱ्याच्या बाजूस आहे, परंतु एका मर्यादेपर्यंत. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे जनावर हा माल होय, आणि उधारीचा करार झालेला नसल्यास पूर्ण किंमत मिळेपर्यंत माल आपल्या ताब्यात ठेवण्याचा हक्क विकणाऱ्याला आहे. मात्र माल गिऱ्हाइकाच्या हाती गेला किंवा, त्यावरील हक्क राखून न ठेवता, त्याच्याकडे पोहोचविण्यासाठी वाहतूकदाराच्या हवाली केला, की ताब्याचा हा हक्क संपतो. त्यानंतर उरतो तो केवळ पैशाचा दावा. बारा हजार रुपयांसाठी पुण्याच्या अनोळखी माणसामागे कोर्टकचेरी करणे जतच्या शेतकऱ्याला परवडण्यासारखे नाही. तेव्हा पिल्लू हातात आहे तोवरच विकणाऱ्याचे बळ आहे, हे ध्यानी धरून पुढील सर्व खबरदारी घ्यावयाची आहे.

आता प्रत्यक्ष फसवणूक कशी होते ते पाहू. समजा, एका पशुपालकाने पिल्लांची छायाचित्रे फोनवरून चार ओळखीच्यांना पाठविली व ती पुढे पसरली. दुसऱ्या दिवशी फोन येतो. बोलणारा आपण लष्करात असल्याचे सांगतो, गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्र पाठवितो, सध्या दूरच्या तळावर असल्याने स्वतः येता येत नाही, गाडी पाठवून पिल्लू नेतो, असे म्हणतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील कित्येक घरांतील मुले फौजेत आहेत. त्यामुळे शिपायावर अविश्वास दाखविणे या भागातील माणसाला जड जाते. ठग लष्कराचेच सोंग घेतात ते याच कारणाने. ओळखपत्र दुसऱ्या कोणाचे तरी चोरलेले अथवा बनावट असते.

पुढे तो सांगतो की, लष्कराच्या खात्यातून पैसे येण्याची रीत निराळी आहे; आधी एक रुपया पाठवा, दोन रुपये परत येतील. एक रुपया पाठविताच खरोखरच दोन रुपये येतात. येथे विश्वास बसतो. मग तो चौकोनी ठिपक्यांचे चित्र, ज्याला क्यूआर कोड म्हणतात, ते पाठवितो व म्हणतो, “हे स्कॅन करा, तुमचा पिन टाका, बारा हजार जमा होतील.” पिन टाकताच बारा हजार जमा न होता खात्यातून निघून जातात. विकणारा घाबरून फोन करतो. तो शांतपणे म्हणतो, “चूक झाली, पुन्हा एकदा करा, दोन्ही रकमा एकदम परत येतील.” घाबरलेला माणूस पुन्हा पिन टाकतो आणि नुकसान दुप्पट होते.

हे कसे घडते, यात गूढ काही नाही. भारतीय राष्ट्रीय पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली सुरू केलेल्या यूपीआय पद्धतीत पिन ही पैसे देण्यासाठी केलेली सही आहे. धनादेशावर सही करतो तो देणारा. घेणारा धनादेशावर सही करून पैसे देत नाही. त्याचप्रमाणे पैसे घेणाऱ्याला पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, आलेली कोणतीही विनंती मंजूर करावी लागत नाही. त्याने केवळ आपला क्रमांक किंवा आपला कोड गिऱ्हाइकास द्यावयाचा असतो. विकणाऱ्याला पिन लागतो तो फक्त स्वतःची शिल्लक पाहताना, आणि ती त्याने स्वतःच्या ॲपमध्ये, स्वतः होऊन पाहावी; फोनवरील माणूस सांगतो म्हणून नव्हे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्याचा निर्णय झाला, त्यामुळे ठगांचा एक मार्ग कमी झाला. परंतु कोड स्कॅन करावयास लावणे, किंवा मदतीच्या मिषाने फोनचा पडदा दुसऱ्याला दिसेल असे ॲप उतरवून घ्यावयास सांगणे, हे प्रकार त्या निर्णयाने थांबत नाहीत.

घरातील व्यवहाराची येथे एक अडचण असते. पिल्लांची देखभाल आई करते, फोन मुलाच्या हातात असतो आणि खाते वडिलांच्या नावे असते. पिन तिघांनाही ठाऊक असतो आणि ज्याने फोन उचलला तो व्यवहार करतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही एवढे एक वाक्य घरातील लहानथोर सर्वांच्या कानी घातले, तरी बरेच काम होते.

दुसरा प्रकार अधिक साधा आहे. गिऱ्हाईक दारात येते, पिल्लू पसंत करते, फोनवर काही दाबते आणि हिरव्या रंगाची खूण असलेला पडदा दाखविते. “पैसे पाठविले, पाहा.” असा पडदा हुबेहूब दाखविणारी बनावट ॲप्स आहेत, आणि जुन्या व्यवहाराच्या चित्रावर नवी रक्कम चढविणे तर त्याहून सोपे आहे. कधी विकणाऱ्याच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा संदेशही येतो, परंतु तो बँकेच्या नावाने आलेला नसून साध्या दहा अंकी क्रमांकावरून आलेला असतो. त्यात बारा हजारांऐवजी एकवीस हजार जमा झाल्याचे लिहिलेले असते आणि लागलीच “चुकून जास्त गेले, नऊ हजार परत करा” अशी गयावया सुरू होते. प्रामाणिक शेतकरी दुसऱ्याचा पैसा ठेवून घेत नाही. तो आपल्याच शिलकीतून नऊ हजार पाठवितो आणि पिल्लूही देतो.

यावर उपाय एकच. गिऱ्हाइकाचा फोन पाहू नये. आपल्या खात्यातील नोंद पाहावी. सौद्याआधीची शिल्लक कागदावर टिपून ठेवावी व नंतरची ताडून पाहावी. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याने बँकेत जाऊन किंवा बँक मित्राकडून शिल्लक तपासावी. पैसे पाठविणाऱ्याच्या खात्यातून वजा झाले पण घेणाऱ्याकडे जमा झाले नाहीत, असे खरोखरही घडते. सर्वच गिऱ्हाईक लबाड नसते. अशी अडकलेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा दंडक आहे. अशा वेळी व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक लिहून घ्यावा आणि गिऱ्हाइकास नम्रपणे सांगावे की, पिल्लू आज घरीच राहील, रक्कम जमा होताच घेऊन जावे. खरे गिऱ्हाईक यावर रागावत नाही. रागावले तर जाऊ द्यावे.

आणखी एक धोका अलीकडे पुढे आला आहे. गिऱ्हाइकाने दिलेला पैसा खराच असतो, पण तो दुसऱ्या कोणाला तरी फसवून मिळविलेला असतो. तपास सुरू झाला की तो पैसा जेथे जेथे गेला तेथील रक्कम, काही वेळा संपूर्ण खातेच, गोठविले जाते. बी-बियाण्याच्या तोंडावर पशुपालकाचे खाते असे अडकले तर हंगामच अडचणीत येतो. म्हणून पैसे पिल्लू नेणाऱ्याच्याच नावाच्या खात्यातून यावेत असा आग्रह धरावा. “मित्राच्या खात्यातून पाठवितो”, “तीन निरनिराळ्या क्रमांकांवरून येतील” अशी भाषा कानी पडताच सौदा थांबवावा. लिहिलेली पावती येथे फार उपयोगी पडते, कारण हा पैसा कशाबद्दल आला हे तिच्यावरून दाखविता येते.

धनादेश घेण्याचा प्रसंग आता क्वचितच येतो. घेतलाच, तर तो वटून रक्कम जमा झाल्यावरच पिल्लू द्यावे. धनादेश न वटता परत आल्यास १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या १३८ व्या कलमाप्रमाणे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न मिळाल्यास पुढील एक महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. यातील एक मुदत चुकली तरी काम अवघड होते. रोख रक्कम घेताना नोटा उजेडात तपासून, मोजून घ्याव्यात. २,००० रुपयांची नोट घेऊ नये. ती मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले आणि आता ती गावच्या बँकेत भरता येत नाही.

इसार घेण्याची आपली जुनी चाल चांगली आहे. पिल्लू चार आठवड्यांचे असताना गिऱ्हाईक येऊन पसंत करून जाते व आठ आठवड्यांचे झाल्यावर नेते, तेव्हा मधल्या काळासाठी इसार घेणे रास्तच आहे. मात्र तोंडी इसार हे भांडणाचे मूळ आहे. किती इसार घेतला, पिल्लू कोणत्या तारखेपर्यंत राखून ठेवावयाचे, त्या तारखेस गिऱ्हाईक न आल्यास इसाराचे काय, आणि दरम्यान पिल्लू दगावल्यास रक्कम परत करावयाची की दुसरे पिल्लू द्यावयाचे, ही चार कलमे इसारपावतीवर असावीत. शेवटचे कलम विकणाऱ्याला नकोसे वाटते, पण तेच त्याची पत राखते.

पैसे बुडण्याचे सर्वच प्रकार ठगांमुळे होतात असेही नाही. पुष्कळदा गिऱ्हाईक सज्जन असते, अर्धे पैसे देते आणि “जगले-वाचले की उरलेले देतो” म्हणून पिल्लू नेते. पाचव्या दिवशी पिल्लाला रक्ताची हगवण लागते व ते मरते. पार्व्हो या रोगाचे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः तीन ते सात दिवस, कधी त्याहून अधिकही लागतात. तेव्हा रोग विकणाऱ्याच्या घरी जडला की नेणाऱ्याच्या, हे ठरविणे दोघांच्याही हाती नसते. विकणाऱ्याला वाटते आपले पैसे बुडविले. गिऱ्हाइकाला वाटते आपल्याला आजारी जनावर गळ्यात मारले. दोघेही आपल्या परीने खरे बोलत असतात. अशा वादावर पैशाच्या युक्तीने इलाज होत नाही. पिल्लू देण्याच्या दिवशी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासून दाखला घ्यावा, लसीची व जंतनाशकाची तारीख लिहून द्यावी आणि त्यानंतरची जबाबदारी कोणाची हे पावतीत नमूद करावे. अर्धी उधारी मात्र ठेवू नये.

पावतीचा मसुदा पुढीलप्रमाणे असावा :

“आज दिनांक ____ रोजी ____, राहणार ____, यांनी ____, राहणार ____, यांस ____ जातीचे, ____ रंगाचे, ____ आठवडे वयाचे एक नर/मादी पिल्लू एकूण रुपये ____ किंमतीस विकले. पैकी इसार रुपये ____ पूर्वी मिळाला असून बाकी रुपये ____ आज रोख / खात्यावर (संदर्भ क्रमांक ____) पूर्ण मिळाली. पिल्लास ____ लस दिनांक ____ रोजी व जंतनाशक दिनांक ____ रोजी दिले आहे. पशुवैद्यकीय दाखल्याची प्रत सोबत दिली आहे. पिल्लू गिऱ्हाइकाने पाहून, पसंत करून ताब्यात घेतले. ताबा दिल्यानंतर ____ दिवसांच्या आत पिल्लू आजारी पडून दगावल्यास ____.”

खाली दोघांच्या सह्या व एका साक्षीदाराची सही घ्यावी. पाच हजार रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावावे. पावती दोन प्रतींत करून एक स्वतःजवळ ठेवावी. वर उल्लेखिलेल्या २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करून पिल्ले विकणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची व विक्रीची नोंद ठेवावयाची असते; हीच प्रत तेथेही कामास येते. अनेक पशुपालकांना या नोंदणीची माहिती नसते. फसवणुकीची तक्रार करावयास गेले असता आपलेच कागद अपुरे निघू नयेत, यासाठी ती आधी करून घेणे हितावह आहे.

पिल्लू कसे पाठवावे, हा प्रश्न राहतो. खासगी बसच्या चालकाजवळ खोक्यात घालून पिल्लू देणे व पैसे मागाहून येतील म्हणून वाट पाहणे, ही चाल दोन्ही दृष्टींनी वाईट आहे. जनावर वाटेत हालात पडते, आणि ताबा गेल्यावर उरलेल्या पैशाची तगादेगिरी करावी लागते. प्राणी वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे वाहतुकीपूर्वी कुत्र्याचा आरोग्य दाखला आवश्यक असतो. गिऱ्हाइकाने “गाडी पाठविली आहे, पिंजऱ्याची अनामत भरा, नंतर परत मिळेल” असे सांगितल्यास एक पैसाही भरू नये. पिल्लू विकणाऱ्याने पैसे भरावयाचे, हा व्यवहारच उलटा आहे. शक्यतो गिऱ्हाइकाने स्वतः यावे, दिवसाउजेडी यावे. घरी बोलावणे नको वाटल्यास ग्रामपंचायतीजवळ किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात भेट ठरवावी. दवाखान्यातच तपासणी, दाखला, पैसे आणि ताबा ही चारही कामे एका बैठकीत उरकतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील पशुपालकांना हाच रिवाज लावून द्यावा. कोऱ्या पावत्यांचे एक पुस्तक त्यांनी जवळ बाळगल्यास तर उत्तमच.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, दिवस असो वा रात्र. पैसा ठगाच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असतो. पहिल्या काही तासांत तक्रार नोंदली तर तो वाटेत अडविता येण्याचा संभव असतो, दोन दिवसांनी तो फारच कमी उरतो. त्याच वेळी आपल्या बँकेसही कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. पिन स्वतःच्या हाताने टाकला गेला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान खातेदाराच्या अंगावर पडते, मात्र कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावयाचे असते, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. नंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. फसवणुकीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली येतो. तक्रारीबरोबर ठगाचा फोन क्रमांक, त्याने पाठविलेले संदेश व चित्रे, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि खात्याचा उतारा जोडावा. रागाच्या भरात फोनमधील संभाषण पुसून टाकण्याची चूक अनेकांकडून होते. तपास पूर्ण होईपर्यंत ते सर्व जसेच्या तसे ठेवावे.